हिशेब कुठला ठेवायचा, कुठला सोडायचा

"मावशी, प्रभूत सलाम.

मी अडतीस वर्षांची आहे. एकाच मंडळीत लहानाची मोठी झाले, तिथेच अकरा वर्षं संडे स्कूलला शिकवलं. गेले चार महिने उपासनेला गेलेली नाही. रविवारी मोबाइलवर कुठल्यातरी दुसऱ्याच मंडळीचा संदेश ऐकते आणि बंद करते.

मागच्या वर्षी आई तीन महिने अंथरुणाला खिळून होती. सगळ्यांना माहीत होतं, पण मंडळीतून कोणीही आलं नाही. पाळकसाहेब एकदा दारातूनच प्रार्थना करून गेले. कमी ऐकू येणाऱ्या एक आजी दर गुरुवारी फोन करायच्या, तेवढंच. त्याच काळात कमिटीतल्या एकांचं साधं ऑपरेशन झालं, तर दवाखान्यात प्रार्थना करणाऱ्यांची रांग लागली होती. नंतर वार्षिक सभेत मी इमारत फंडाचा हिशेब विचारला. चिटणीस म्हणाले, 'ताई, तुम्ही आत्मिक गोष्टींत मन घाला, पैशाचं आम्ही बघतो.' लोक हसले. गाण्याचं पथक एका बाईंच्या मुठीत आहे, त्या कुणाला पुढे येऊ देत नाहीत. पाळकांचा संदेश फिरून फिरून तोच असतो.

नवरा म्हणतो, दुसरी मंडळी बघू. आई म्हणते, मंडळी हे ख्रिस्ताचं शरीर आहे, त्याला नावं ठेवू नयेत. मला वाटतं, या लोकांवर प्रेम करत राहणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

— थकलेली"

थकलेल्या मुली, तुलाही सलाम. मावशी म्हणालीस म्हणून अहो-जाहो करत बसत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिटणिसांचा राग आला. दुसऱ्यांदा त्या दवाखान्यातल्या रांगेपाशी अडकले. आईच्या उशाशी बसून ती बातमी ऐकताना तुझ्या पोटात काय कालवलं असेल ते कळतं मला. तिसऱ्यांदा वाचताना मात्र तुझ्याच एका वाक्यावर बोट ठेवून थांबले. त्या वाक्यावरून मी तुला थोडं रागावणार आहे. पण आधी जिथे तुझं खरं आहे तिथे तुझ्या बाजूने उभी राहते, म्हणजे रागावण्याचा हक्क तरी मिळेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मूर्खपणा नाही. पण आई ज्याला प्रेम म्हणते ते मला पुरत नाही, आणि तू ज्याला म्हणतेस तेही पुरत नाही. आईच्या प्रेमाला डोळे मिटून घ्यावे लागतात. तुझ्या प्रेमाला समोरची माणसं आधी लायक ठरावी लागतात. त्यातली कुठलीही एक अट घातली की मंडळीवर प्रेम करायला कोणी उरतच नाही.

चार महिन्यांत तू सगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस. इमारत फंडाला चिकटून गाण्याचं पथक, आईच्या आजारपणाला चिकटून पाळकांचे संदेश. त्यामुळे गाठोडं उचलवतही नाही आणि टाकवतही नाही. ते सोडून एकेक वस्तू वेगळी ठेवू.

गाण्याच्या बाई आणि पाळकांचे संदेश हे मी सरळ बाजूला काढते. तुला त्रास होतो हे मान्य, पण हे सहन करण्याच्या खात्यातलं आहे. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मंडळीत गाण्याचं पथक कुणाच्यातरी मुठीत असतं. आणि प्रत्येक आठवड्याला नवा संदेश तयार करणं किती अवघड आहे, हे अकरा वर्षं मुलांना शिकवलेल्या तुला मी काय सांगू? तूही तोच दावीद आणि तोच गल्याथ किती वेळा उभा केला असशील.

इथे माझीच एक गोष्ट सांगते. मी मंडळीत वाचनाच्या चुका दुरुस्त करायचे. कोणी 'हबक्कूक' अडखळत वाचलं की उपासना संपल्यावर दाराशी गाठून नीट उच्चार सांगायचे. 'नबुखद्नेस्सर' म्हणताना तर भल्याभल्यांची माझ्याकडे बघून बोबडी वळायची. ही माझ्या मते सेवा होती. पुढे एका निवडीत मला डावललं म्हणून मी रुसले आणि दोन वर्षं त्या मंडळीत पाऊल टाकलं नाही. परत गेले त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आलीस ते बरं झालं गं. पण खरं सांगू? तू नव्हतीस तेव्हा लोक वाचायला आपणहून हात वर करायला लागले होते." दोन वर्षं मी त्या लोकांना मोठ्या मनाने सहन केल्याचा अभिमान बाळगून होते. ते मला किती वर्षं सहन करत होते, हे कुणी मोजलंच नव्हतं. निदान मला सांगितलं तरी नव्हतं.

तुझ्याबद्दल असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण 'हे लोक' म्हणताना त्यात आपण धरलेलो आहोत की नाही, एवढं एकदा बघावं.

आता करिंथकडे ये. 'मंडळी पहिल्यासारखी राहिली नाही' असं लोक म्हणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुठल्या पहिल्यासारखी? इसवी सन ५५ च्या सुमाराला प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. तिथे तो दीड वर्ष राहिला होता, ती त्याने स्वतः उभी केली होती. आणि पत्रात काय आहे? मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असे तट. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. एकाने बापाच्या बायकोला ठेवलं आहे आणि मंडळीला त्याची लाज नाही, उलट फुशारकी आहे. प्रभुभोजनाला एक जण उपाशी बसतो तर दुसरा पिऊन तर्र. तुझे चिटणीस या रांगेत कुठेतरी मागे उभे राहतील.

त्या पत्राची सुरुवात पाहा. पहिल्याच ओळींत तो त्यांना पवित्र होण्यासाठी बोलावलेले म्हणतो, त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो, आणि दहाव्या वचनापासून भांडायला लागतो. आभार खोटे नाहीत आणि भांडणही खोटं नाही. तेराव्या अध्यायातली प्रीती आपण लग्नात वाचतो, नवरा-नवरी एकमेकांकडे बघून लाजतात. पण ती ओळ मुळात लग्नासाठी लिहिलेली नाहीच. ती या भांडखोर मंडळीसाठी आहे. 'फुगत नाही' असं प्रीतीबद्दल म्हटलंय ना, तेच 'फुगणं' याच पत्रात करिंथकरांच्या नावाने आधी चार-पाच वेळा आलंय. म्हणजे प्रीती कशी असते हे सांगताना तो तुम्ही कसे नाही आहात हेही सांगतोय. आणि दुसऱ्या पत्रात त्याचा आवाज जवळजवळ रडवेला होतो. मी तुमच्यावर जितकी अधिक प्रीती करावी तितकी तुम्ही माझ्यावर कमी करावी का, असं तो विचारतो. थकलेली ही सही त्यानेही केली असती.

म्हणून मंडळीच्या दोषांमुळे तुझा विश्वास डळमळत असेल तर तसं होऊ देऊ नकोस. हे दोष पहिल्या पिढीपासून शास्त्रातच छापलेले आहेत, कुणी लपवलेले नाहीत. पण 'पूर्वीपासून असंच आहे' हे चिटणिसांच्याही सोयीचं वाक्य आहे, म्हणून आता हिशेबाकडे वळते. इथे सहन करायचं नाही.

'आत्मिक गोष्टींत मन घाला' हे ज्याने म्हटलं त्याने दुसरं करिंथकरांस पत्र आठव्या अध्यायापर्यंत वाचलेलं दिसत नाही. यरुशलेमातल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम पौल एकट्याच्या हातात ठेवत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो आणि कारणही लिहून ठेवतो: या देणगीच्या बाबतीत कुणी आम्हाला दोष लावू नये म्हणून. प्रभूच्या दृष्टीने चांगलं ते तर करायचंच, पण माणसांच्याही दृष्टीने. प्रेषित असून त्याला आपल्या हिशेबावर दुसऱ्याचे डोळे हवे होते. मग चिटणिसांना नको असण्याचं कारण काय?

आता एक गंमत बघ. तेराव्या अध्यायात प्रीती अपकार स्मरत नाही असं आहे. मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे, खात्यावर मांडून ठेवणं अशा अर्थाचा. म्हणजे मंडळीने पैशाचा हिशेब मांडावा आणि अपकारांचा मांडू नये. बहुतेक मंडळ्यांत बरोबर उलटं चालतं. कोणी कुणाला वीस वर्षांपूर्वी काय बोललं ते तारखेसकट माहीत असतं, आणि इमारत फंडाची वही सापडत नाही.

पण तू विचारलंस ती पद्धत मला पटत नाही. भर सभेत, एकटीने, आणि माझा अंदाज आहे की आईच्या आजारपणाचा राग आवाजात घेऊन. एकट्या रागावलेल्या माणसाला हसून उडवणं फार सोपं असतं. पुढच्या वेळी आधी खजिनदारांना भेट. शांतपणे विचार: फंडात एकूण जमा किती, खर्च किती, शिल्लक कुठे आहे, खात्यावर सह्या किती जणांच्या लागतात आणि हिशेब कोणी तपासला? अनेकदा घोटाळा नसतो, आळस असतो. वही अर्धवट असते आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून आवाज चढतो. उत्तर मिळालं नाही तर तुझ्यासारखंच वाटणारे दोघे-तिघे शोध. हसलेल्या लोकांतही काही असतील, खात्रीने. सगळ्यांच्या सह्यांनी चार ओळींचं पत्र पाळकांना आणि कमिटीला द्या आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. तरीही टाळाटाळ झाली तर तुमच्या पंथात स्थानिक मंडळीच्या वर जी व्यवस्था असेल, बिशप असोत, सिनड असो, काहीही असो, तिथे जा. ही चुगली नव्हे. करिंथमधली भांडणं पौलाला कशी कळली? ख्लोवेच्या घरच्या माणसांनी सांगितली, आणि पौलाने त्यांचं नाव पत्रात उघड लिहिलं. जो काही करू शकतो त्याला सांगणं वेगळं, आणि जो काही करू शकत नाही अशा दहा जणांना सांगत सुटणं वेगळं.

आणि एक तयारी ठेव. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिनास, निकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप गेलेलं दिसतं. तेव्हा उद्या कोणी म्हणालं, 'ठीक आहे, हिशेब तपासायला तुम्हीच बसा,' तर 'मला वेळ नाही' म्हणून सुटायचं नाही.

तुझी आई म्हणते ते ख्रिस्ताच्या शरीराचं. खरं आहे ते, पण तिने त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. शरीराला दुखलं तर ते ओरडतं. ओरडणं म्हणजे शरीराला नावं ठेवणं नव्हे. ज्या बोटाला भाजलेलं कळत नाही त्या बोटाची आपल्याला जास्त काळजी वाटते. पेत्र अंत्युखियात विदेशी बांधवांपासून वेगळा बसायला लागला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, आणि तो पेत्र होता, कुठल्या कमिटीचा चिटणीस नव्हे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया शहरातल्या मंडळीला प्रभू म्हणतो की तू कोमट आहेस, आंधळी आहेस, उघडीवाघडी आहेस, आणि त्याच पत्रात, दोन-तीन वचनांनंतर, तो दाराशी उभा राहून ठोकतो आहे. ते दार आपण अविश्वासी माणसाच्या हृदयाचं समजतो. लिहिलंय ते मंडळीला. एवढं कडक बोलून झाल्यावरही तो दारातून हललेला नाही.

मराठी वाचणाऱ्या आपल्यासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण जवळचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. मी ख्रिस्ताची आहे, पण पाळक किंवा बिशप म्हणतील तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही, असा त्यांचा सूर होता. वाद घातले म्हणून त्या ख्रिस्ताला सोडून गेल्या नाहीत, आणि ख्रिस्ताची आहे म्हणून वाद गिळलेही नाहीत. पुढे इब्री आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत त्या शेवटपर्यंत, म्हणजे १९२२ मध्ये जाईपर्यंत, बसून राहिल्या. इतकं भांडून इतकं देणारी दुसरी बाई मला चटकन आठवत नाही.

आता आईच्या आजारपणाचं. गाठोड्यातलं सगळ्यात जड हेच आहे, आणि खरं तर बाकी सगळं याच्याच वजनाने जड झालंय.

'सगळ्यांना माहीत होतं' असं तू लिहितेस. माहीत होतं, मानते. पण जे काम सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं, हे मंडळीत जितकं दिसतं तितकं इतरत्र दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं पाळक जातात, पाळकांना वाटतं महिला मंडळ जातं, महिला मंडळाला वाटतं शेजारी राहणाऱ्या बहिणी जातात. कमिटीतल्या गृहस्थांकडे मात्र लोक गेले, कारण तिथे न जाणं दिसलं असतं. हे वाईट आहे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राहा' असं आहे ना, तेच हे, फक्त अंगठीच्या जागी कमिटी. त्याला मी सुंदर नाव देणार नाही.

पण मंडळी तुझी माफी मागू शकत नाही. 'मंडळी' नावाची कोणी बाई नसते जी एक दिवस दार वाजवून म्हणेल, 'चुकलं माझं.' माणसंच मागू शकतात. तेव्हा विचार कर, त्या तीन महिन्यांत तू नेमकी कुणाची वाट बघत होतीस? माझी खात्री आहे, दोन किंवा तीन नावं आहेत. बाकीच्या शंभर जणांनी न येणं तुला एवढं लागलेलं नाही. कोणीतरी एक जण होती, जिच्या बाळंतपणात तू रात्री जागली होतीस किंवा जिच्या मुलांना तू वचनं पाठ करून घेतली होतीस. तिच्याकडे जा. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो ते आधी एकांतात जायलाच. साक्षीदार नंतर, मंडळी त्याच्याही नंतर. आपण पहिली पायरी गाळून थेट घरी बसतो, आणि ज्यांच्यावर रागावलो त्यांना आपण रागावलोय याचा पत्ताही नसतो.

काय बोलायचं ते अवघड असतं, म्हणून सांगते. 'तुम्ही लोक असेच' असं सुरू करू नकोस. 'आई आजारी होती तेव्हा मी तुझी वाट बघत होते. तू आली नाहीस ते मला फार लागलं.' एवढंच, आणि मग गप्प बस. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात कठीण काम. ती रडेल, किंवा कारण सांगेल, किंवा उलट तुलाच दोन गोष्टी ऐकवेल. त्या ऐकून घे. ती काहीच बोलली नाही तर तेही तुला कळेल. क्षमा तू तरीही करू शकतेस. विश्वास मात्र लगेच टाकायची सक्ती नाही. विश्वासाला वेळ लागतो आणि त्याला समोरच्याचं वागणं लागतं. ही दोन्ही एकच आहेत असं शिकवून मंडळ्यांनी पुष्कळ माणसांना दुखावलंय.

प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण मंडळी मानतो, पवित्र जनांची संगत मानतो, आणि लगेच पुढचं काय येतं? पापांची क्षमा. ज्यांनी तो क्रम लावला त्यांचा हेतू काय होता यात मी पडत नाही, पण रविवारी तो म्हणताना मला नेहमी वाटतं की संगतीनंतर ताबडतोब क्षमेची सोय करून ठेवली ते बरंच केलं.

आता ते वाक्य, ज्यासाठी मी एवढा वेळ थांबले. 'मंडळीतून कोणीही आलं नाही.' आणि एकच वाक्य सोडून, 'कमी ऐकू येणाऱ्या एक आजी दर गुरुवारी फोन करायच्या, तेवढंच.'

मग त्या आजी कुठून आल्या होत्या? मंडळीतूनच ना? तीन महिने म्हणजे बारा-तेरा गुरुवार. ज्या बाईंना पलीकडचं नीट ऐकू येत नाही, त्यांनी बारा-तेरा वेळा फोन उचलून नंबर लावला. तू काय उत्तर देत होतीस हे त्यांना अर्धंही कळलं नसणार. त्यांना तुझ्याकडून काही ऐकायचंच नव्हतं, त्यांना तुझ्यासाठी बोलायचं होतं. आणि तू त्यांना 'तेवढंच' म्हणून मोडीत काढलंस. ज्या मंडळीने तुझ्या आईला कमिटीतल्या माणसाइतकं मोजलं नाही तिच्यावर तू रागावली आहेस, आणि मोजताना तू त्या आजींना धरलंच नाहीस. चिटणिसांचा आणि तुझा मोजण्याचा काटा इथे एकच निघाला, मुली. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मंडळीवर प्रेम करायचं म्हणजे कुणावर, असं तू विचारशील, तर यांच्यापासून सुरुवात कर. 'मंडळी' हा शब्द मोठा आहे, त्याच्यावर प्रेमही करता येत नाही आणि रागही नीट काढता येत नाही. आजींवर करता येतं. उपासनेत दारापाशी बसणाऱ्या, कोणी न बोलणाऱ्या त्या मुलावर करता येतं. प्रत्येक मंडळीत एक असतो. तुझ्या संडे स्कूलच्या वर्गावर करता येतं. आता त्यांना कोण शिकवतं, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस.

मोबाइलवरच्या संदेशाबद्दल मी फार बोलत नाही. आजारी माणसाला, दूर असलेल्याला ती मोठी सोय आहे. तुझ्यासाठी ती सध्या मलमपट्टी आहे, ठीक आहे. पण त्या पडद्यावरचा माणूस तुला कधी चिडवणार नाही, तुझ्या आईच्या आजारात यायला विसरणार नाही आणि आठवणीने फोनही करणार नाही. एकत्र जमणं सोडू नका हे इब्री लोकांस पत्रातलं वचन घरी बसलेल्यांच्या डोक्यात मारायला नेहमी वापरतात. त्याच्या आधीचं वचन मात्र कोणी म्हणत नाही: प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन मिळावं म्हणून एकमेकांकडे लक्ष द्या. म्हणजे जो दर रविवारी न चुकता येतो आणि शेजारच्याकडे ढुंकून बघत नाही, तोही त्याच वचनात सापडतो. दोघेही गैरहजरच.

नवऱ्याच्या सूचनेवर. मंडळी बदलणं पाप नाही. मात्र काही ठिकाणांहून निघून जाणं हे कर्तव्य असतं, ते आधी सांगते. लहान मुलांशी किंवा स्त्रियांशी कोणी गैरवर्तन केलं आणि 'मंडळीची बदनामी होईल' म्हणून ते दाबलं जात असेल, पाळकाला प्रश्न विचारणं म्हणजे देवाला विरोध असं शिकवलं जात असेल, 'आम्हाला सोडलंत तर तारण गमवाल' अशी भीती घातली जात असेल, तर तिथे प्रेमाच्या नावाखाली थांबायचं नाही. मुलांच्या बाबतीत तर आधी पोलिस, मग कमिटी. तिथे मत्तय अठराची एकांतातली पायरी लावणारा माणूस शास्त्र वाचत नाही, गुन्हेगाराला वेळ देतो.

तुझ्या पत्रात असं काही नाही. म्हणून तुला म्हणते, गेलीस तरी पळून जाऊ नकोस. हिशेबाचं विचारून, त्या मैत्रिणीशी बोलून, पाळकांना भेटून, निरोप घेऊन जा. बरोबर चार घरं फोडून नेऊ नकोस. आणि नव्या ठिकाणी दोषरहित मंडळी सापडेल या आशेने तर मुळीच जाऊ नकोस. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. छळाच्या काळात ज्यांनी भिऊन शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांच्या हातून झालेला संस्कार आम्हाला चालणार नाही, असं म्हणून दोनातवादी वेगळे झाले. शंभर वर्षं गावोगावी दोन-दोन बिशप. तिथलाच बिशप ऑगस्टीन त्यांना येशूच्या दाखल्यातलं म्हणाला, गहू आणि निदण, म्हणजे तण, कापणीपर्यंत एकत्रच वाढणार. त्यांनी उत्तर दिलं, त्या दाखल्यात शेत म्हणजे जग आहे, मंडळी नव्हे. वचन म्हणून बघितलं तर त्यांचं वाचन बरोबर होतं, मत्तयमध्ये तसंच लिहिलंय. तरी त्यांच्या शुद्ध मंडळीतही पुढे तट पडले, कारण शुद्ध माणसं आणणार कुठून? आणि ऑगस्टीनही शेवटी त्यांच्यावर सरकारी बळजबरी करण्याच्या बाजूने गेला, म्हणजे तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

दुसऱ्या मंडळीतही एक चिटणीस असतील, मुली. सुरुवातीचे सहा महिने ते तुला दिसणार नाहीत इतकंच.

लगेच ठरवू नकोस. अजून काही रविवार जा, शेवटच्या बाकावर बस हवं तर, प्रभुभोजन घे. त्या एका मैत्रिणीला भेट. हिशेबासाठी दोन माणसं शोध. मग मला परत लिही, राहिलीस की गेलीस ते. मी दोन्हीला नाराज होणार नाही.

आणि परवा गुरुवार आहे. आजींना फोन कर. मोठ्याने बोल, म्हणजे त्यांना ऐकू येईल.